बास्क फॅशनवर प्रोजेक्ट करतेय, नुसती टोपी चिकटवून चालेल का?

टाक्यावरटाका:
फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुंबईतच. कलेक्शनचा विषय घेतलाय बास्क लोक, स्पेन आणि फ्रान्सच्या बॉर्डरवरचे, त्यांची भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही आणि हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तर शाळेत ती बोलायलाही मिळत नव्हती. कपड्यांतून ओळख टिकवणं असा अँगल आहे. मूडबोर्डवर (कल्पनांची चित्रं, कापडं लावतो तो फळा) काळी चपटी बेरे टोपी, तिथलं पट्ट्यांचं लिनन आणि लाउबुरू म्हणजे बास्कांचं चार पाकळ्यांच्या क्रॉससारखं चिन्ह लावलं तर मॅडम म्हणाल्या हे गिफ्ट शॉप झालं. फॅशन डिझायनर बालेन्सियागा घेऊ का, तो तिथलाच ना?

कैचीवाली_ताई:
तिथलाच. 1895 चा जन्म, गेतारिया नावाचं मच्छीमारांचं गाव, वडील समुद्रावर आणि आई शिवणकाम करणारी. सान सेबास्तियनला धंदा जमवला, पण स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि 1937 ला पॅरिसला दुकान टाकलं, 1968 ला स्वतःच बंद केलं. त्याच्या कपड्यांवर टोपीबिपी काही नाही गं, जे काय आहे ते कटमध्ये आहे, अंगापासून सुटलेली पाठ, कमीत कमी शिवण. गेतारियात 2011 पासून त्याचं म्युझियम आहे, त्यांच्या साईटवर कपडे नीट बघ. आजचा ब्रँड मात्र विसर, ते जाडजूड स्नीकर विकणारी पॅरिसची कंपनी आहे, बास्कशी नाव सोडून काय संबंध उरलाय.

गिरगावकर७८:
मला टोपीच जास्त इंटरेस्टिंग वाटते. गंमत म्हणजे ती मुळात शेजारच्या बेआर्नच्या धनगरांची, बास्क म्हणून नंतर गाजली. बास्क भागातल्या तोलोसा गावात 1858 पासून या टोप्यांचा कारखाना आहे. पण खरं बास्क काय, तर तिथे जिंकणाऱ्याला कपऐवजी टोपी घालतात. उभ्या उभ्या कविता रचून गाणारे बेर्त्सोलारी असतात, त्यांच्या मोठ्या स्पर्धेत 2009 ला मायालेन लुहानबियो ही पहिली बाई जिंकली आणि पुरुषांचीच समजली जाणारी ती टोपी तिच्या डोक्यावर गेली. टोपी तीच, वापर नवा. तुझ्या बोर्डवर हे कुठंय?
आणि तिथे 21 डिसेंबरला सांतो तोमासच्या जत्रेला शहरातली पोरंपण शेतकऱ्याच्या वेषात फिरतात. आपल्याकडे पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी आणि फेटा घालून बुलेटवर येतात ना, तसंच.

शंकासुर:
तेच म्हणतो, एक दिवस नटायचं आणि दुसऱ्या दिवशी जीन्स. याला टिकवणं म्हणायचं?

गिरगावकर७८:
मग काय रोज नेसायला लावणार का भाऊ लोकलमध्ये 😀 एक दिवस तरी अंगावर येतं. शिवलेल्या नऊवारीला लोक नाकं मुरडतात, पण तीच नसती तर निम्म्या पोरी आल्याच नसत्या.

कैचीवाली_ताई:
शंकासुरांचं पूर्ण चूक नाहीये. भाऊच्या धक्क्यावर अजून काही म्हाताऱ्या कोळणी लुगड्यात दिसतात, आखूड आणि घट्ट नेसलेलं, कारण पाण्यात आणि चिखलात उभं राहून काम करायचंय. नारळी पौर्णिमेचं लुगडं वेगळं, दागिन्यांसकट मिरवायचं. टाक्या, गेतारिया पण मासेवाल्यांचंच गाव, तू कामाच्या कपड्यांपासून सुरू कर, मोटिफ शेवटी. लिननवरचे सात पट्टे म्हणजे बास्कांचे सात प्रांत असं सगळे सांगतात, पण ते पट्टेवालं कापड आधी बैलांच्या अंगावर टाकायचे, ऊन आणि माश्या लागू नयेत म्हणून, हे किती जण सांगतात?

टाक्यावरटाका:
बैलांचं माहीतच नव्हतं!! मग बैलाच्या झुलीवरून जॅकेट, पाठ सैल, चिन्ह कुठेच नाही. मॅडमना पटेल?

कैचीवाली_ताई:
पटेल बहुतेक. आधी मांजरपाटात टॉइल, म्हणजे कच्चा नमुना, करून बघ, लिनन महाग पडतं. आणि मंगलदास कापड मार्केटला रविवारी जाऊ नकोस, बंद असतं.