आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ऋण संख्यांचं घनमूळ 'एनएएन' (संख्याच नाही) येतंय, कोणती पद्धत वापरावी?

घनमूळ_हवंय
नफा-तोट्याचा रकाना आहे, -८००० पासून मोठ्या धन आकड्यांपर्यंत. शून्यं आणि ऋण संख्या असल्यामुळे लॉग घेता येत नाही, म्हणून घनमूळ घ्यायचंय. कन्सोलवर -८^(१/३) लिहिलं की -२ मिळतं, पण रकान्याला तेच लावलं की तोट्याच्या सगळ्या ओळी एनएएन. वॉर्निंगही नाही. एनए.आरएम = ट्रू देऊन (म्हणजे अशा ओळी वगळून) पुढे जावं का?

दशांशबिंदू
एनए.आरएम अजिबात नको. तोट्याच्याच ओळी गळतील आणि सरासरी फुगेल. रेषीय प्रतिमान बसवणारं एलएमसुद्धा अशा ओळी आपोआप वगळतं. समरीत तळाशी एक छोटी ओळ येते, ती सहज नजरेतून सुटते.

कन्सोलवरचं -२ फसवं आहे. आर आधी घात सोडवतं, मग उणे लावतं. म्हणजे तुम्ही ८ चं घनमूळ काढून त्याला उणे जोडलंत. (-८)^(१/३) असा कंस घातलात की तिथेही एनएएनच येईल.

कारण असं, की १/३ संगणकात नेमका साठत नाही. साठतो तो ६००४७९९५०३१६०६६१ भागिले २ चा ५४ वा घात. अंश विषम, छेद सम, तेव्हा ऋण पायाला वास्तव उत्तरच उरत नाही.

हे वापरा (एक्स म्हणजे तुमचा रकाना, अ‍ॅब्स म्हणजे चिन्ह काढून टाकणारं फंक्शन):

साइन(एक्स) * अ‍ॅब्स(एक्स)^(१/३)

साइन म्हणजे चिन्ह देणारं फंक्शन, त्रिकोणमितीतलं सिन नव्हे. -८००० चं -२० मिळेल, शून्याचं शून्य. पाचवं, सातवं मूळही असंच काढता येतं. घात २/३ असेल तर मात्र साइन काढून टाका, कारण वर्ग झाल्यावर उत्तर धनच हवं.

संमिश्र
अ‍ॅज.कॉम्प्लेक्स(-८)^(१/३) हा संमिश्र संख्यांचा सल्लाही कुणीतरी देईल. त्याचं उत्तर १+१.७३२०५१आय येतं, -२ नाही. गणिती दृष्ट्या ते बरोबर आहे, ते मुख्य मूळ. पण तुमच्या कामाचं नाही. शिवाय अख्खा रकाना कॉम्प्लेक्स होतो आणि पुढे लहान-मोठं अशी तुलना केली की एरर येते. तिन्ही मुळं हवी असतील तर पॉलीरूट(सी(८, ०, ०, १)). सहगुणक स्थिरपदापासून चढत्या क्रमाने द्यायचे, इथे बरेचजण उलटा क्रम देतात.

दशांशबिंदू
आणखी दोन सापळे. ६४^(१/३) पडद्यावर ४ दिसतं, पण ते ४ हून किंचित कमी असतं. अ‍ॅज.इंटिजर केलंत तर ३ मिळेल, म्हणून आधी राउंड करा.

दुसरा वर्गमुळाचा. वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करून विचरण काढलं, तर कधीकधी शून्याऐवजी अगदी बारीक ऋण संख्या येते आणि एसक्यूआरटी एनएएन देतं (इथे वॉर्निंग मिळते). विचरणांचा रकाना व्ही असेल तर आत पीमॅक्स(०, व्ही) घाला, ते प्रत्येक ओळीत ० आणि व्ही यांतलं मोठं घेतं. मॅक्स घातलंत तर सगळ्या ओळींमिळून एकच आकडा येईल. पण -३ सारखी ठळक ऋण संख्या आली तर ती अशी झाकू नका, सूत्रच तपासा.

घनमूळ_हवंय
साइन-अ‍ॅब्स चाललं. परत रुपयांत आणायला नुसता घन करू?

दशांशबिंदू
एकेका ओळीसाठी हो, वाय^३ (वाय म्हणजे काढलेलं घनमूळ). घात पूर्णांक असल्यामुळे ऋण संख्या अडत नाहीत. पण घनमुळांच्या सरासरीचा घन म्हणजे रुपयांतली सरासरी नव्हे. ती मूळ रकान्यावरूनच काढा.