विद्रूप, भेसूर की फिसकटलेला? रुमानियन चित्रांतल्या चेहऱ्यांसाठी शब्द

प्रश्न

रुमानियातल्या आजच्या नवअभिव्यक्तिवादी (हुबेहूबपणापेक्षा भावनेवर भर देणाऱ्या) चित्रकलेवर टिपण लिहिते आहे. आद्रियान गेनिये (जन्म १९७७, बाया मारे) या चित्रकाराच्या ‘पाय फाइट’ (इंग्रजी pie: क्रीमचे केकसारखे पदार्थ एकमेकांच्या तोंडावर फेकणं) या मालिकेत माणसांच्या तोंडांवर क्रीम थापलेलं आहे, नाक-डोळे त्याखाली हरवलेत. अशा चेहऱ्याला ‘विकृत’ म्हटलं, पण खटकतंय. दुसरं, इओआना बात्रानू यांच्या ‘इंटेरिअर मेलांकोलिक’ या चित्रांना ‘खिन्न अंतर्भाग’ म्हणावं का?

प्रतिसाद

‘विकृत’ नकोच. तो शब्द आता माणसाच्या मनोवृत्तीला चिकटलाय. कलासमीक्षेत ‘विरूपण’ चालतं, ते घ्या.

प्रतिसाद

विरूपण हे तंत्राचं नाव झालं, चित्रासमोर उभं राहिल्यावर जे वाटतं ते त्यात येत नाही. ‘विद्रूप’मध्ये कुरूपतेचा शेरा आहे. शहराचं विद्रुपीकरण म्हणतो तेव्हा कुणीतरी चांगलं ते बिघडवलं अशी तक्रार असते. ‘भेसूर’ जवळचा वाटेल, पण तो कानाचाही शब्द आहे: भेसूर किंकाळी, भेसूर रडणं. या चित्रांत मात्र कुणी ओरडत नाही. कोट घातलेली माणसं अंधाऱ्या खोलीत उभी असतात आणि तोंडावरचा लगदा तसाच ओघळत असतो.

माझं मत ‘फिसकटलेला’ला. कुंकू फिसकटतं, काजळ फिसकटतं: जे नीट रेखलेलं होतं ते ओल्या अवस्थेत पुसलं गेलं आणि त्याचा फराटा मागे राहिला. गेनियेची रीतही अशीच आहे. तो ब्रशपेक्षा पॅलेट नाइफ आणि स्टेन्सिलवर भिस्त ठेवतो. ओला रंग पात्याने ओढतो, खरवडतो, वर दुसरा थर थापतो. चेहरा आधी होता, हे फराट्यातून कळत राहतं. ‘विकृत’ किंवा ‘विद्रूप’ म्हटलं की हा ‘आधी’ निघून जातो, आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

भावनेसाठी मात्र ‘विटंबना’ लिहा. मालिकेचं मूळ जुन्या विनोदी सिनेमांतल्या फेकाफेकीत आहे. गेनियेने त्यातलं हसू काढून घेतलं आणि अपमान तेवढा ठेवला. आपल्याकडे तोंडाला काळं फासतात ते रूप बिघडवायला नव्हे, चारचौघांत मान खाली घालायला लावण्यासाठी. पांढऱ्या क्रीमनेही तेच होतं.

प्रश्नकर्ती

‘फिसकटलेला’ पटला. पण त्याच्या २०१० च्या ‘द ट्रायल’ या चित्राला, चाउशेस्कू पतिपत्नीच्या खटल्याला, ‘विटंबना’ लावता येईल? ते तर रुमानियाचे हुकूमशहा होते.

प्रतिसाद

तिथे जपून. ‘विटंबना’ म्हटलं की ज्याची झाली त्याच्या बाजूने आपण उभे राहतो, म्हणून तर पुतळ्याची विटंबना म्हणतात. २५ डिसेंबर १९८९ ला त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा गेनिये १२ वर्षांचा होता. कोपऱ्यात टेबलांमागे ओव्हरकोट घालून बसलेलं ते म्हातारं जोडपं साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. दहशत, सुटका आणि नको असताना वाटणारी कणव, हे सगळं त्या दृश्यात एकत्र आहे. माझ्या मते ‘केविलवाणं’ लिहावं. हा शब्द अवस्था सांगतो, निर्दोष ठरवत नाही. क्रूर माणूसही केविलवाणा दिसू शकतो.

प्रतिसाद

बात्रानूंच्या चित्रांबद्दल: ‘खिन्न’ माणूस असतो, खोली नाही. ‘भकास’ जागाच असते, पण त्यात ओसाडपणा येतो, तिथे कुणीच राहत नाहीसं वाटतं. ‘उदास’ दोघांनाही चालतो, संध्याकाळही उदास असते. आणि ‘अंतर्भाग’ म्हणजे यंत्राचं झाकण उघडल्यासारखं वाटतं. ‘उदास खोली’ लिहा.