संशयित, संभाव्य की डेंग्यूसदृश?

कोपरीकर
ठाण्यात आम्ही वार्ताहरांसाठी आरोग्याच्या बातम्यांचं प्रशिक्षण घेतोय, त्याची टिपणं मराठीत लिहितेय. डेंग्यूपाशी अडले. सरकारी पद्धतीत रुग्ण मोजायच्या तीन पायऱ्या आहेत. नुसती लक्षणं जुळतात तो पहिला. रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तो दुसरा. एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीत एनएस१ (विषाणूचं प्रथिन) किंवा आयजीएम (शरीराने बनवलेलं प्रतिपिंड) सापडलं तो तिसरा, आणि पक्का डेंग्यू म्हणून मोजायचा तो हाच. मी अनुक्रमे संशयित, संभाव्य, निश्चित असं लिहिलं. भिवंडीकडचा एक वार्ताहर म्हणाला, "मॅडम, मी क्राईमही बघतो. 'संशयित' लिहिलं की लोक विचारतात, पकडला का?" मथळ्यात मावेल असा पर्याय सुचवा.

जुना_डेस्क
पर्याय कशाला? संशयित म्हणजे ज्याच्याविषयी संशय आहे तो. शब्द चोख आहे. पोलिसांच्या बातम्यांनी तो नासवला म्हणून आरोग्याने सोडून द्यायचा का? मी डेस्कवर असताना 'संशयित आरोपी' दिसलं की एक शब्द कापायचो. शिस्त तिथे लावा.

ऐरोली_से.८
शब्द कोशात चोख असेल, जिन्यात नसतो. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, आमच्या सोसायटीच्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं, 'संशयित : ३०२'. ३०२ म्हणजे आमचं घर. आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी ते पुसायला कुणी पुढे येईना. शेवटी मीच पुसलं. आजार संशयित असतो, माणूस नाही. 'संशयित डेंग्यू' लिहा, 'संशयित रुग्ण' नको.

कळवा_नाका
वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. पण पेपरात 'डेंग्यूसदृश तापाचे रुग्ण' असं सर्रास असतं की. तेच ठेवा.

जुना_डेस्क
तो तर सर्वांत घातक. चंद्रसदृश मुख म्हणतो तेव्हा मुख चंद्र नसतं, हे गृहीतच आहे. डेंग्यूसदृश म्हणजे डेंग्यूसारखा, पण डेंग्यू नव्हे. आपल्याला म्हणायचंय, 'असेल, अजून ठाऊक नाही.' वाचणारा म्हणतो, चला, डेंग्यू नाही, आणि घरी क्रोसिन घेऊन पडून राहतो.

सिव्हिलची_सिस्टर
सदृश सरसकट चूक नाही हो. 'इन्फ्लूएंझासदृश आजार' हा रीतसर गट आहे: ताप, खोकला, दहा दिवसांच्या आत सुरू झालेला. तिथे विषाणू कोणता हे विचारलेलंच नसतं, म्हणून सदृश बरोबर बसतं. डेंग्यूत नाही बसत.
मला 'संभाव्य' जास्त खटकतो. संभाव्य उमेदवार म्हणजे अजून तिकीट न मिळालेला. संभाव्य रुग्ण वाचून वाटतं, बिचारा पुढे आजारी पडणार आहे! तो तर १०२ तापाने वॉर्डात पडलाय.

कोपरीकर
सिस्टर, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग मधल्या पायरीला काय म्हणू? वार्ताहर नेमके तिथेच घसरतात. खासगी लॅबचे रॅपिड रिपोर्ट गोळा करून 'डेंग्यूचे इतके रुग्ण' छापतात, पालिका एलायझाचा आकडा देते, आणि मग 'आकडे लपवले' अशी दुसरी बातमी होते. लपवलेले असतीलही, पण आधी दोघं एकच गोष्ट मोजतायत का, हे त्यांना विचारता यायला हवं.

कळवा_नाका
'प्राथमिक चाचणीत डेंग्यू'?

ऐरोली_से.८
छान आहे. चाचणी कोणती ते बातमीत येतं आणि माणसावर शिक्का बसत नाही.

जुना_डेस्क
दोन कॉलमांत मावणार नाही. आणि आधी डेंग्यू की डेंगी ते ठरवा. इंग्रजी उच्चार डेंगी आहे.

मुलुंडपार
इंग्रजीचा कशाला प्रमाण मानता? इंग्रजीत शब्द आला स्पॅनिशमधून, तिथे 'देंगे'. त्याच्याही मागे बरेच जण स्वाहिलीकडे बोट दाखवतात. आपल्याकडे रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे डेंग्यू म्हणतात, म्हणून डेंग्यू. चिकनगुनियाचंही तसंच. तो माकोंडे भाषेतला, 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचा, १९५२ च्या, आजच्या टांझानियातल्या साथीपासूनचा. आमच्या चाळीत मात्र चिकनगुनियाची साथ आली त्या वर्षी कित्येकांनी कोंबडी खाणं सोडलं होतं.

जुना_डेस्क
म्हणूनच परके शब्द नकोत. हाडमोड्या ताप म्हणा. हाडं मोडल्यासारखी दुखतात, ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सिव्हिलची_सिस्टर
आणि चिकनगुनियाला काय म्हणाल? त्यात तर सांधे जास्त धरतात. केसपेपरवर 'हाडमोड्या' लिहिलं तर कुठली तपासणी पाठवायची ते लॅबला कळणार नाही.

कोपरीकर
मंडळी, माझी मधली पायरी...

मुलुंडपार
ताई, येतो तिकडे. पण परके शब्द नकोत म्हणणाऱ्यांनी सांगावं: मलेरियाला सरकारने 'हिवताप' केलं. जिल्हा हिवताप अधिकारी डेंग्यूही बघतात. हिव म्हणजे थंडी. आमची आजी थंडी वाजून आलेल्या कुठल्याही तापाला हिवताप म्हणायची. मग तिचा शब्द खरा की खात्याचा?

जुना_डेस्क
आजीचा. खात्याने तो अरुंद केला.

सिव्हिलची_सिस्टर
अरुंद केला म्हणूनच उपयोगी पडला. प्रत्येक थंडीतापाला हिवताप म्हटलं तर मलेरिया तपासायला रक्ताची काच कुणाची घ्यायची?