शिंप्याची शिलाई मशीन जप्त झाली, लिलावाआधी सोडवता येतील का?

प्रश्न:
पैशाच्या हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या निकालाच्या) दरखास्तीत, म्हणजे वसुलीच्या अर्जात, बेलिफाने (कोर्टाच्या कर्मचाऱ्याने) घरातल्या वस्तू जप्त केल्या. पंचनाम्यात दोन शिलाई मशीन, फ्रिज, गाद्या, स्वयंपाकाची भांडी. ऋणको (पैसे देणं लागणारा) शिंपी आहे, दुसरं उत्पन्न नाही. लिलावाची तारीख लागलीय. बेलिफाला जागेवर सांगूनही त्याने ऐकलं नाही. कर्ज घेताना 'सवलत मागणार नाही' असंही लिहून घेतलंय.

उत्तर १:
बेलीफ वॉरंटप्रमाणे चालतो, सूट देणं त्याच्या हातात नाही. ज्या कोर्टात दरखास्त आहे तिथेच अर्ज द्या, वेगळा दावा नको. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 (काय जप्त करता येत नाही त्याची यादी), ऑर्डर 21 नियम 58 (जप्तीवरची हरकत), आणि जोडीला कलम 47 (वसुलीतले वाद त्याच कोर्टात) लिहा. नुसत्या 47 वर गेलात तर 1976 च्या दुरुस्तीनंतर त्या आदेशावर अपील नाही. नियम 58 खालचा निकाल मात्र हुकूमनाम्यासारखा धरतात, म्हणून त्यावर अपील होतं. लिलाव तहकुबीचा अर्ज त्याच दिवशी द्या. माल विकला गेला की नियम 58 चा अर्ज कोर्ट घेतच नाही.

ते लिहून दिलेलं विसरा, कलम 60(1ए) प्रमाणे तसा करार रद्दबातल आहे.

उत्तर २:
अर्ज मोघम नको. पंचनाम्यातला अनुक्रमांक टाकून वस्तूवार लिहा: गाद्या-भांडी कलम 60 च्या यादीतला खंड (ए), मशीन खंड (बी), म्हणजे कारागिराची अवजारं. भांड्यांना 'आवश्यक' ही अट आहे, तेव्हा घरात माणसं किती तेही येऊ द्या. फ्रिज यादीत नाही. तो घुसडलात तर खरी मागणीही लबाडीची वाटते.

दोन मशीन कशाला, हा प्रश्न येणारच. एक साधं आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणारं) असेल तर कुठलं काम कशावर होतं ते शपथपत्रात सांगा. पावतीपुस्तक, मशीनची खरेदी पावती जोडा. कामगार ठेवून धंदा चालत असेल तर समोरचा वकील 'हा कारागीर नव्हे, कारखानदार' म्हणेल, आणि तो मुद्दा बिनतोड नसला तरी जड जातो.

उत्तर ३:
पंचनाम्यावरची वेळ बघा. कलम 62 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही.

हुकूमनाम्यात नोकरदार जामीनदार असेल तर धनको (पैसे येणं असलेला) त्याच्या पगारावर जाईल. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. 25,000 पगारातून जास्तीत जास्त 8,000 जप्त होतात. त्याच हुकूमनाम्यात 24 महिने कपात झाली की पुढे पगाराला हात लावता येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हा हिशेब लागत नाही.