मदत हवी आहे: ऐंशी हजारांत मिटवावं की दावा लावावा?

कृष्णाकाठची

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर प्लंबर आहेत, वय ३७. आम्ही सांगलीत राहतो. साडेचार महिन्यांपूर्वी ते कराडला एका बंगल्याच्या कामावर दुचाकीने निघाले होते. मलकापूरच्या अलीकडे सर्व्हिस रोडला समोरून उलट्या बाजूने दुधाचा पिकअप आला आणि थेट धडक. उजव्या गुडघ्याखालचं हाड अगदी सांध्यापाशी फुटलं. प्लेट आणि सहा स्क्रू बसवलेत. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. (यावर घरी बोलून झालंय. भरपूर.)

हॉस्पिटलचं बिल २,८५,००० झालं. माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून १,२०,००० मिळाले, बाकीचे सोनं गहाण ठेवून भरले. एफआयआर झालाय, कलम २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १२५ (ब) (त्यातून गंभीर दुखापत). चार्जशीट गेली का विचारायला फोन केला की ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’.

पिकअपचा मालक दोनदा घरी येऊन गेला. पहिल्यांदा शहाळी घेऊन आला, बरा वाटला. दुसऱ्यांदा पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला कागद घेऊन आला. ८०,००० रोख, आणि त्याबदल्यात यांनी लिहून द्यायचं की माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही आणि यापुढे कसलीही भरपाई मागणार नाही. सासरे म्हणतात, घ्या आणि मोकळे व्हा, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. दीर म्हणतात वकील लावा. एक वकील हॉस्पिटलच्या कँटीनमध्येच भेटले होते. आता काही देऊ नका म्हणाले, निकालानंतर मिळेल त्यातले ३० टक्के.

हे स्वतः काहीच बोलत नाहीत. चालतात आता, पण उकिडवं बसता येत नाही. परवा घरातला सिंकखालचा पाइप गळत होता तर शेजारच्या मुलाला बोलवावं लागलं. तेव्हापासून जास्तच गप्प आहेत.

हेल्मेट नव्हतं म्हणून दावा फेटाळतात का? यांना पगारपत्रक नाही, मग कमाई दाखवायची कशी? आणि कोर्टासाठी कराडला फेऱ्या मारणं आम्हाला जमणार नाही. कोणी या सगळ्यातून गेलं असेल तर सांगा.

मिरज_जंक्शन

ताई, आधी पिकअपचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का ते बघा. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की कळतं. बाकी सगळं त्यावर ठरेल. माझ्या भावाच्या वेळी ट्रॅक्टरचा विमाच नव्हता. मालकाकडे दोन म्हशी आणि कर्ज. आम्ही १ लाख घेऊन मिटवलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. निकाल लागला असता, पण वसूल कोणाकडून करणार?

निवृत्त_दावेवाला

मी विमा कंपनीच्या दावे विभागात होतो, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या समोरच्या बाकावर. त्यामुळे माझं ऐका, त्या कागदावर सही करू नका.

ऐंशी हजार किती कमी आहेत ते आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, २.५ लाख आहेत. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच. म्हणजे मालक तुम्हाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात गुंडाळतोय. पण ते अडीच लाख घ्यायलाही घाई करू नका. ते स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, दावा संपतो, आणि तुमच्या बाबतीत खरी भरपाई १६६ मध्येच आहे.

ती कशी काढतात ते सांगतो. समजा न्यायाधिकरणाने (अपघाताचे दावे ऐकणारं कोर्ट) महिना २०,००० कमाई धरली, म्हणजे वर्षाला २,४०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्यांना भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के जास्त धरतात (सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा प्रणय सेठी निकाल). झाले ३,३६,०००. कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं ठरलं तर वर्षाचं नुकसान १,००,८००. वय ३६ ते ४० ला गुणक (वर्षाचं नुकसान जितक्या पट धरतात तो आकडा) १५, म्हणजे १५,१२,०००. उपचाराचा खर्च, घरी बसून गेलेले महिने, यातना, पुढे प्लेट काढायचं ऑपरेशन हे सगळं वेगळं. यातला कुठलाही आकडा कमी धरला जाऊ शकतो, वाढलेला मी क्वचित पाहिलाय. तरी अंदाज आला असेल.

आता त्या ३० टक्क्यांबद्दल, कारण बहुतेक दावे इथेच मार खातात. सिव्हिल हॉस्पिटलचं बोर्ड अपंगत्वाचं सर्टिफिकेट देतं, त्यात पायाचं समजा २२ टक्के लिहिलेलं असतं. आमचे वकील लगेच म्हणायचे की पायाचे २२ म्हणजे पूर्ण शरीराचे सात-आठच. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की त्या माणसाच्या त्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचा गुडघा आणि प्लंबरचा गुडघा सारखा नाही. तुम्ही सिंकखालच्या पाइपचं लिहिलंत ना, तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागेल. आत्ताच विचारून ठेवा, आणि उकिडवं बसणं, जिना, वजन उचलणं याबद्दल लेखी घ्या.

हेल्मेटवरून दावा फेटाळत नाहीत. वाद झालाच तर थोडी कपात होते, आणि तुमची दुखापत गुडघ्याला आहे, डोक्याला नाही. मेडिक्लेमचे पैसे वजा करा असं कंपनी म्हणेल. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलंय की वजा करायचे नाहीत, ते पैसे हप्ता भरून घेतलेल्या वेगळ्या विम्याचे आहेत. पूर्ण बिल लावा.

कराडला जायची गरज नाही. तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीतही दावा लावता येतो.

आणि तुम्ही न विचारलेली गोष्ट. १ एप्रिल २०२२ पासून हा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे दीड महिना आहे. चार्जशीटची वाट पाहू नका, फौजदारी खटल्याचा निकाल लागायचीही गरज नाही.

वाईची_वकीलीण

वरच्या काकांनी जवळपास सगळं लिहिलंय. फक्त त्या कँटीनवाल्या वकिलाच्या ३० टक्क्यांबद्दल. निकालाच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. सर्रास चालतं, हे मान्य. पण फी ठोक ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पक्षकार शोधणाऱ्यांपासून दोन हात लांब राहा, एवढं आमच्याच व्यवसायाबद्दल बोलते.

शिवाय त्या स्टॅम्पपेपरने गुन्हा मिटतही नाही. कलम २८१ दोघांच्या सहीने मागे घेता येत नाही. तडजोड करायचीच असेल तर दावा लावल्यावर लोकअदालतीत विमा कंपनीबरोबर करा. ती रक्कम बँकेत येते. मात्र तिथे सही केली की अपील नाही, म्हणून आकडा आधी घरी ठरवून जा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. अ‍ॅपवर पाहिलं, विमा चालू होता. पण नवीनच कळलंय. गाडी चालवणारा मालकाचा भाचा, आणि त्याचं लायसन्स फक्त दुचाकीचं! मग कंपनी हात वर करेल ना?

निवृत्त_दावेवाला

आता शहाळ्यांचं कोडं सुटलं.

कंपनी विम्याच्या अटीचा भंग म्हणून नक्की भांडेल. पण अशा प्रकरणांत न्यायाधिकरणं सहसा आदेश देतात की आधी कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे भार शेवटी मालकावर. त्याला हे कोणीतरी सांगितलं असणार. ८०,००० तो तुमच्या गुडघ्यासाठी देत नाहीये, स्वतःची जमीन वाचवायला देतोय. त्याच्यावर राग धरू नका, पण सहीही देऊ नका.

मिरज_जंक्शन

विमा आहे म्हटल्यावर माझं मत मागे. लावा दावा.

कृष्णाकाठची

मंगळवारी सांगलीतच एका वकीलबाईंची वेळ घेतलीय, फी ठोक आहे. काल रात्री हे स्वतःहून उठले आणि माळ्यावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. तीन वर्षांच्या कामांच्या चिठ्ठ्या आहेत त्यात, हार्डवेअरच्या दुकानाची बिलं, कोणाकडून किती येणं आहे ते सगळं. पण चिठ्ठ्या यांच्याच अक्षरात आहेत, गिऱ्हाइकाची सही कशावरच नाही. चालतील का?

वाईची_वकीलीण

एकट्या चिठ्ठ्यांवर उलटतपासणीत फाडतील. ज्यांच्याकडे कामं केली त्यातले दोन-तीन घरमालक किंवा एखादा बांधकाम कंत्राटदार साक्षीला तयार आहेत का बघा. फोनवर आलेल्या पैशांसाठी बँकेचं तीन वर्षांचं स्टेटमेंट काढा आणि तारखा चिठ्ठ्यांशी जुळवून ठेवा. हे काम त्यांनाच करू दे, त्यांना आठवेल. डबा तसाच घेऊन जा. आणि कृपा करून काही लॅमिनेट करू नका.