पडद्यावर ओळखलेले हाड हातात आल्यावर का ओळखता येत नाही?

प्रश्न (अध्यापिका, फिजिओथेरपी):
पहिल्या वर्षाला मी ‘अपर लिंब’ (खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात) दूरस्थ पद्धतीने शिकवते. त्रिमितीय प्रतिकृतीवर क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) प्रत्येक भागाचे नाव अचूक सांगणारे विद्यार्थी, प्रात्यक्षिकाला एकत्र आल्यावर तेच हाड हातात दिले की ते उजवे की डावे हे सांगताना अडखळतात. माउसने हाड फिरवणे, नावे जुळवणे, प्रश्नमंजूषा हे सारे घेऊनही असे का व्हावे?

उत्तर १:
ताई, पडद्यावरचे हाड आधीच योग्य दिशेने बसवलेले असते आणि कितीही फिरवले तरी एका क्लिकसरशी पुन्हा सरळ होते, त्यामुळे दिशा ठरवण्याची वेळ विद्यार्थ्यावर येतच नाही. मी चार-चार जणांचे गट करतो. ज्याच्याकडे बोन सेट (हाडांचा संच) आहे त्याने कॅमेरा हातावर रोखायचा आणि बाकीच्यांनी ‘इकडे-तिकडे’ न म्हणता केवळ शास्त्रीय संज्ञा वापरून त्याला हाड धरायला लावायचे: चपटे टोक लॅटरल (बाहेरच्या बाजूला), मीडियल (आतल्या बाजूच्या) दोन तृतीयांश भागाचा फुगवटा अँटिरिअर (पुढे), सबक्लेव्हियस या स्नायूची खाच इन्फिरिअर (खाली). शेवटी त्याने ते स्वतःच्या गळ्याखाली टेकवून पडताळायचे. पहिला तास गोंधळात जातो, तो जाऊ द्यावा.

उत्तर २:
ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, शिकवायला मी लोकर वापरते. मणक्यातून निघणाऱ्या सी५ ते टी१ या पाच मुळांसाठी पाच रंगांचे धागे घेऊन विद्यार्थी घरी टेबलावर तीन ट्रंक (खोडे) जोडतात, प्रत्येकीचे दोन भाग करतात आणि मागचे तिन्ही भाग एकत्र बांधून पोस्टिरिअर कॉर्ड (मागची दोरी) तयार करतात. त्या कॉर्डमध्ये कोणकोणते रंग आले, हे विचारले की पाठांतर तिथेच उघडे पडते.

उत्तर ३:
दोन्ही उपाय चांगले आहेत, पण डिसेक्शन हॉलची (शवविच्छेदन कक्षाची) जागा ते घेणार नाहीत. मृतदेहाच्या पातळ छेदांच्या प्रतिमा देणाऱ्या अमेरिकेतील व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पात १९९४ साली पुरुषदेहाचे १ मिलिमीटर अंतराचे, तर १९९५ साली स्त्रीदेहाचे ०.३३ मिलिमीटर अंतराचे छेद उपलब्ध झाले. सीटी स्कॅन वाचायला शिकवताना ते फार उपयोगी पडतात. तरीही ते दोनच देह आहेत. काही व्यक्तींमध्ये रेडियल धमनी कोपराच्या बरीच वर, दंडातच निघते, हे चार टेबलांवरचे चार कॅडाव्हर (मृतदेह) पाहणाऱ्याला कधीतरी प्रत्यक्ष दिसते. निदान अशा भिन्नतांची छायाचित्रे तरी वर्गात दाखवावीत.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. बोन सेट माझ्या निम्म्याच विद्यार्थ्यांकडे आहेत, तेव्हा प्रत्येक गटात एक तरी येईल अशी वाटणी करते. लोकर मात्र आजच मागवायला सांगते.