मेट्रन नको म्हणता, मग ड्युटी लिस्ट कोण लावणार?

वॉर्ड_नंबर_४: काल इथे एकाने लिहिलं, नेदरलँड्सची बुर्टझॉर्ग ही नर्सेसची संस्था मॅनेजरशिवाय चालते, मग आपल्याकडे मेट्रन, इनचार्ज ही उतरंड हवीच कशाला, नर्सेसनी मिळून वॉर्ड चालवावा. डोकंच फिरलं. 22 वर्षं वॉर्ड सांभाळतेय. रात्री 2 ला पेशंटचं बीपी पडलं की मीटिंग भरवायची का? तू सलाईनची लाईन घे, तू डॉक्टरांना फोन कर, असं कोणीतरी एकाने सांगावंच लागतं. आणि बुर्टझॉर्गवाल्या घरोघरी जातात, त्यांच्याकडे 40 खाटा नाहीत.

धावती_सिस्टर: ताई, इमर्जन्सीचं कोण बोलतंय? ती संस्था 2006 ला योस द ब्लॉक या नर्सनेच काढली, कारण तिकडे मिनिटं मोजून काम वाटायचे, इंजेक्शनला एक बाई, आंघोळीला दुसरी. आता फार तर 12 जणांची टीम, पेशंट घेणं, ड्युट्या लावणं, नवीन माणूस निवडणं सगळं टीमच करते. आपल्या हातात साधी लिस्ट तरी आहे का? माझ्या आधीच्या हॉस्पिटलात शनिवारी पेन्सिलने लागायची, सोमवारी खोडलेली असायची. 4 वर्षं लक्ष्मीपूजनाला नाईट केलीय, मुलगी व्हिडिओ कॉलवर रांगोळी दाखवायची.

वऱ्हाडी_ब्रदर: दिवाळीचं काय घेऊन बसलात, गणपतीला कोकणातल्यांना सुट्टी आणि आम्ही पोळ्याला राबतो, ते बोला आधी.

चाकरमानी: कुठे मिळते हो सुट्टी? गेल्या चतुर्थीला मी आयसीयूत होतो. उगाच काहीही बोलू नका.

वॉर्ड_नंबर_४: बघा, इथेच जुंपली! मी दिली होती लिस्ट स्टाफच्या हातात, दोन महिने. ज्यांचा आवाज मोठा त्यांना मॉर्निंग आणि नुकताच जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून आलेली पोर सलग नाईट करून बाथरूममध्ये रडत होती. तिच्यासाठी लिस्ट परत घेतली मी.

गडचिरोलीकर: आमच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. गावाचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने, एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय थांबतो, मोठ्या आवाजाचं तिथे काही चालत नाही. 2009 ला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क मिळाला, नंतर बांबू स्वतः विकला. पण त्याआधी वर्षानुवर्षं अभ्यास गटात बसून बोललेत ते. तुम्ही लिस्ट दिलीत, नियम कोणते दिलेत?

वॉर्ड_नंबर_४: नियम नव्हते, मान्य. सगळ्यांना नाईट सारख्या एवढं जरी आधी ठरवलं असतं तर ती पोर वाचली असती त्रासातून. पण ड्युटी संपताना हँडओव्हर घ्यायला पुढचं कोणी आलंच नाही तर मेमो माझ्या नावावर येतो, तुमच्या नाही. मेमो वाटून घ्या, मग लिस्ट मागा.

धावती_सिस्टर: घेते, माझी सही घाला. सगळ्यांच्या नाईट आजपासून वहीत मांडते, वही काउंटरवरच राहील, कोणीही बघा. दिवाळीचे दिवस सगळ्यात आधी भरू.

वऱ्हाडी_ब्रदर: पोळा दिवाळीच्या आधी येतो, तोही लिहा त्या वहीत.